मुंगीच्या चार ओळी

९ जानेवारी

मामा,

नमस्कार. फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू ऐकून घेत नाहीस, म्हणून पत्र. तीस वर्षं घासायच्या मशीनशेजारी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार म्हणा.

तुझी खुर्ची मला अजून मोठी होते. जुने पेशंट येतात आणि दारातूनच विचारतात, "सर कुठे आहेत?" मी सांगते, सर निवृत्त झाले, लेकीकडे राहायला गेले, आता मी शिकवते, इतकी वर्षं त्यांना मदत करायचे ती मी, त्यांची भाची. मग ते माझ्याकडे अशा नजरेनं बघतात, जणू मी त्यांचा पाय उलटाच बसवणार आहे. दहा महिने झाले, अजून तसंच बघतात.

आता कामाचं. वीस एप्रिलला निरोपाचा कार्यक्रम आहे. या वर्षी नऊजण बाहेर पडताहेत. प्राचार्यबाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "मामांसारख्या चार ओळी हव्यात हं प्रत्येकाच्या. गुणपत्रिका लोक कपाटात ठेवतात, त्या चार ओळी भिंतीवर लावतात." खरंच आहे ते. आपल्या एवढ्याशा कृत्रिम पायांच्या कॉलेजात मिरवण्यासारखी तेवढी एकच तर गोष्ट. पोरगं प्रमाणपत्र घ्यायला पुढे येतं, त्याच्याबद्दल चार ओळी वाचल्या जातात, आणि खाली बसलेल्या त्याच्या आईला पहिल्यांदा कळतं की आपलं पोर इथे नेमकं काय करत होतं.

पण मामा, मला ते जमत नाहीये. तू ठेवलेल्या टोपणनावांनीच सांगते. वकिलाबद्दल लिहिलं, "हुशार, मेहनती व मनमिळाऊ." आजोबांबद्दल लिहिलं, "अनुभवी, मेहनती व मनमिळाऊ." तिसऱ्याला मेहनती लिहिताना मलाच हसू आलं. ही मुलं पहिली दोन वर्षं तुझ्याच हाताखाली होती. तूच लिही ना. आणि वाचायलाही तूच ये.

सगळ्यात पंचाईत मुंगीची. नऊजण म्हणजे चार जोड्या आणि एक मुंगी. वेळेवर येते, वेळेवर जाते, काम चोख. तीन वर्षांत ती तीस वाक्यं बोलली असेल तर शपथ. तिच्याबद्दल मी काय लिहू? "भिंतीला टेकून उभी राहते"?

ताईला सांग, तुला जिने चढउतार करू देत जा. व्यायाम हवा.

तुझी भाची


२० जानेवारी

ठमाकाकू,

पत्र पोचलं. "मेहनती व मनमिळाऊ" वाचून मला औषधाच्या बाटलीवरचं लेबल आठवलं. वापरण्यापूर्वी हलवा, एवढंच लिहायचं राहिलंय.

मी लिहिणार नाही. शिकवणारा एक आणि लिहिणारा दुसरा, असं चालत नाही. पण मी कसं लिहायचो ते सांगतो, आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वर्कशॉप रिकामं झालं की मी पेशंटच्या खुर्चीत बसायचो. खिडकीकडच्या, जिचा एक हात सैल आहे त्या. डोळे मिटायचो आणि स्वतःला विचारायचो, हा पोरगा आता येऊन माझा पाय हातात घेईल, तेव्हा मला काय वाटेल? जे वाटायचं ते लिहायचो. गुण लिहायचे नाहीत. हात काय करतात ते लिहायचं.

तुझ्या वकिलाचंच बघ. पोरगा ऊठसूट वाद घालतो, प्लास्टर किती मिनिटांत घट्ट होतं यावरसुद्धा. पण तो वाद कुणासाठी घालतो ते आठव. ती सहा वर्षांची चिमुरडी "टोचतंय" म्हणून रडत होती आणि आपण दोघं मापं दाखवून म्हणत होतो, सगळं बरोबर आहे. तासभर तो त्या पोरीच्या बाजूनं आपल्याशी भांडला. शेवटी आत खरंच एक कड निघाली, नखाएवढी. त्या चार ओळी त्याच प्रसंगात आहेत, दुसरीकडे शोधू नकोस.

आजोबांचं तर सांगायलाच नको. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, ट्रक चालवता चालवता पाय गमावला आणि पोरासोरांत येऊन बसला. नवा पेशंट रडायला लागला की हा गडी पँट वर करतो, स्वतःच्या पायावर टकटक करतो आणि विचारतो, "कोण आहे घरात?"

मुंगीबद्दल घाई करू नकोस. तिच्याबद्दल लिहायला वेळ लागेल.

माझं उत्तम चाललं आहे. येण्याचं बघू, प्रवास लांबचा आहे. इथे ताईनं मला खिडकीशी आरामखुर्ची दिली आहे, समोर शाळेचं मैदान दिसतं. परवा ती म्हणाली, डावी चप्पल झिजली, नवा जोड आणू. मी म्हटलं, उजवी कोरी करकरीत आहे, आख्खा जोड कशाला? बाप कंजूष आहे म्हणून रुसून बसली.

मामा


६ फेब्रुवारी

मामा,

तुझं ऐकलं. खुर्चीत बसले, डोळे मिटले, आणि पहिल्याच दिवशी शिपायानं दिवे घालवून बाहेरून कडी लावली. वकिलानं सोडवलं, आणि कडीला आतून दांडा का नाही यावर प्राचार्यबाईंना अर्ज देऊन आला.

पण युक्ती खरी आहे. शिडीचं लिहिलं. तो उंच मुलगा, दिव्याला डोकं आपटणारा. पहिल्या आठवड्यात कापलेला पाय बघून तो आडवा झाला होता, तुला आठवतं? मी लिहिलं आहे: "पहिल्या आठवड्यात याला चक्कर आली. आता म्हाताऱ्या बायकांचे कापलेले पाय धुवायला हाच पुढे असतो. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घालून बघतो. त्यांना पाय नाही याचं त्याला काही वाटत नाही, पाणी गार नको एवढंच वाटतं." बरं आहे का रे?

जोडगोळीचंही झालं. त्या दोघी दर आठवड्याला भांडतात आणि अबोला धरला की पेशंटमार्फत निरोप पाठवतात. परवा एक बिचारे गृहस्थ एका पायावर उभे राहून सांगत होते, "त्या ताई म्हणताहेत की पट्टा तुमच्याकडे आहे."

तुझं पत्र मी वर्कशॉपमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. चपलेवर सगळे खो खो हसले. आता माझं ऐक. एकच चप्पल झिजते याचा अर्थ तू डावीकडे भार टाकून चालतोस. तुझंच शिकवलेलं तुलाच सांगते. उजव्या पायाचं माप पाठव, आत घालायला एक पट्टी करून पाठवते.

मुंगी मात्र हसली नाही. तिच्या हातातली कानस खाली पडली. तिच्या हातून काही पडलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेवटच्या परीक्षेच्या कामाचा फॉर्म तिनं भरून दिला: गुडघ्याखालचा पाय, उजवा. पेशंटच्या नावाची जागा कोरी. विचारलं तर म्हणाली, "येतील." कोण येतील? "येतील." मला खरंच राग आला. पंधरा एप्रिलला परीक्षकांसमोर पेशंट तो पाय घालून दहा पावलं चालला तरच पास, हे तिला ठाऊक आहे. नाहीतर वीस तारखेला आठच जण पुढे येतील आणि तिच्या चार ओळींचा प्रश्नच मिटेल. आळस म्हणावं तर ती आळशी नाही. तू काहीतरी सांग तिला, तुझं ऐकेल.

तुझी भाची


१८ फेब्रुवारी

ठमे,

माझी पत्रं वर्कशॉपमध्ये वाचून दाखवू नकोस. पत्र एकाला लिहिलेलं असतं. चपलेचा विषय बंद, पट्टीबिट्टी काही नको.

शिडीच्या ओळी चांगल्या आहेत.

मुंगीला पेशंट शोधून दे. तुझ्या यादीत चाळीस माणसं असतील. तिला म्हणावं, सरांनी सांगितलंय, कुणाची वाट बघू नकोस, वेळ फुकट घालवू नकोस. तिचं वर्ष वाया जाता कामा नये. हे मी फार गंभीरपणे लिहितो आहे.

मामा


३ मार्च

मामा,

मला सगळं कळलं आहे.

आज सकाळी मुंगी मशीनवर होती आणि तिच्या कामावर ओलं फडकं टाकलेलं होतं. मी फडकं उचललं. पोटरी तयार, पाऊल तयार. लाकडाचं पाऊल सगळेच करतात, गुळगुळीत, एकसारखं. पण या पावलाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं होतं. मामा, मी लहानपणी त्या बोटावर शाईनं डोळे काढायचे आणि तू त्याला बोलायला लावायचास. ते बोट मी कुठेही ओळखीन.

तिला विचारलं, हे काय आहे? तिनं मला मागच्या खोलीत नेलं, साच्यांच्या फळीपाशी. दुसऱ्या वर्षी मुलं जोडीजोडीनं एकमेकांच्या पायांचे साचे घेतात. नऊजण असल्यावर एक उरणारच. उरलेल्या मुंगीसमोर तू स्वतः खुर्चीत बसलास. तुझ्या उजव्या पायाचा साचा अजून तिथेच आहे, खाली तिच्या अक्षरात तारीख आहे.

मी म्हटलं, पण सरांना पाय कशाला हवा? तर ती म्हणाली, "सरांची उजवी चप्पल कोरी आहे." मी म्हटलं, मग? ती म्हणाली, "म्हणजे उजवा पाय नाही, मॅडम."

मी तुझ्या हाताखाली शिकले, तुझ्या खुर्चीत बसते, रोज लोकांच्या चपला बघून त्यांची चाल ओळखते. आणि मी तुला पट्टी पाठवणार होते! मी लगेच ताईला फोन केला. ती रडायलाच लागली. म्हणाली, जुलैमध्ये झालं, बाबांनी शपथ घातली होती. आठ महिने, मामा! आठ महिने तू मला "उत्तम चाललं आहे" असंच सांगत होतास. मला इतका राग आला आहे तुझा, की तू समोर असतास तर मी आधी भांडले असते आणि मग गळ्यात पडले असते. किंवा उलट.

पण हे पत्र त्यासाठी नाही. साचा काढताना तळव्याला जखम होती, हे मुंगीनं मला आज सांगितलं. तिनं तुला दाखवली होती. तू तिला म्हणालास, कुणाला सांगू नकोस. तिनं नाही सांगितलं. आता ती म्हणते, "मी सांगितलं असतं तर सरांचा पाय वाचला असता." तीन वर्षं ही मुलगी बोलत का नाही, असं मी म्हणत होते. पहिलं वर्ष स्वभाव असेल. पुढचं सगळं हे ओझं आहे.

मी तिला जवळ घेतलं, समजावलं, पण माझ्या बोलण्यानं ते जाणार नाही. ते तुझंच काम आहे.

पायाचं सगळं तयार आहे. फक्त वाटी राहिली आहे, तुझा उरलेला पाय जिच्यात बसेल ती. वाटीचं माप माणूस समोर बसल्याशिवाय घेता येत नाही, हे तूच आम्हाला पाठ करायला लावलं होतंस. मी तिला दुसरे चार पेशंट दाखवले. तिनं मान हलवली. म्हणाली, हे पाऊल दुसऱ्या कुणाच्या पायाला जोडीचं दिसणार नाही.

ये. तू आला नाहीस तर ती पास होणार नाही.

तुझी भाची


२० मार्च

मामा,

सतरा दिवस झाले, उत्तर नाही. ताई म्हणते, पत्र उशाशी घेऊन बसतोस आणि बोलत नाहीस. दोघं गप्प बसायला लागलात तर आम्ही बोलणाऱ्यांनी करायचं काय?

मुंगी रोज पावलावरची एक रेघ घासते आणि रोज खुर्ची पुसून ठेवते.


२४ मार्च

ठमे,

लिहायला बसतो आणि फाडतो. हा सहावा कागद.

तीस वर्षं मी प्रत्येक पेशंटला सांगितलं, साखर आहे ना, मग रोज तळवा बघायचा, आरसा धरून बघायचा. माझा स्वतःचा आरसा फक्त दाढीपुरता. त्या दिवशी प्लास्टर पुसता पुसता ती पोर थांबली. म्हणाली, "सर, इथे जखम आहे." मला ती जाणवतही नव्हती, आणि जाणवत नाही हीच धोक्याची खूण आहे, हे मी त्याच सकाळी फळ्यावर लिहिलं होतं. मी म्हणालो, बूट चावला असेल, कुणाला सांगू नकोस. विद्यार्थ्यांपुढे शोभा नको म्हणून. वीस वर्षांची पोर, समोर गुरू. ती काय करणार होती? तिनं तिचं काम केलं होतं. तोंडाला कुलूप मी घातलं.

तिनं स्वतःला दोष दिला असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. इतके महिने मी फक्त माझी लाज सांभाळत बसलो होतो. आता जी लाज वाटते ती वेगळी आहे.

मला भीती वाटते हेही लिहून टाकतो. त्या वर्कशॉपमध्ये कुबड्यांवर शिरायचं, माझ्याच खुर्चीसमोरच्या खुर्चीत बसायचं, आणि नऊ पोरांनी बघायचं. जुने पेशंट दारातून विचारतील, सर कुठे आहेत, आणि मी रांगेत बसलेलो असेन. इथे ताईनं चांगल्या ठिकाणी नेलं होतं पाय करायला. मी दोनदा नाही म्हणालो. कारण काहीतरी सांगितलं, वाटी घट्ट आहे, पट्टा बरोबर नाही. खरं कारण हेच.

काल दुपारी मी खुर्चीत डोळे मिटून बसलो, तुला शिकवलं तसा. विचारलं, मुंगी येऊन माझा पाय हातात घेईल तेव्हा काय वाटेल? तुला खरं सांगतो, भीती गेली. तिचे हात मला माहीत आहेत. एकदा तिनं माझा पाय धरला होता आणि मला न कळलेलं तिला कळलं होतं.

एकतीस तारखेला येतो. ताई सोबत आहे. खिडकीकडची खुर्ची मला द्या, तिचा सैल हात मात्र बसवून घे. मुंगीला सांग, पाणी कोमट हवं. आणि तिच्या चार ओळी तू लिहू नकोस. त्या माझ्याकडे लागल्या.

मामा


२६ एप्रिल

मामा,

घरी सुखरूप पोचलास, ताईचा फोन आला. तिसऱ्या मजल्यापर्यंत तू एकदाच थांबलास म्हणे, आणि तेही शेजाऱ्यांना पाय दाखवायला.

वीस तारखेच्या ओळी फाइलला लावायच्या आहेत. आठ माझ्याकडे कागदावर आहेत. मुंगीच्या तू तोंडीच बोललास, म्हणून आठवून लिहिते आहे. चुकलं तर कळव:

"ही मुलगी बोलत नाही असं सगळे म्हणतात. ती बोलली होती, एकदाच आणि अगदी वेळेवर. ज्यानं ऐकलं नाही, चूक त्याची, फक्त त्याचीच. तो माणूस आज तिनंच केलेल्या पायावर तुमच्यासमोर उभा आहे."

तू मान खाली घालून बोलत होतास, म्हणून आजूबाजूला काय झालं ते तुला दिसलं नाही. पंधरा तारखेला परीक्षकांसमोर तू दहा पावलं चाललास तेव्हा मुंगी तुझ्या पायाकडे बघत होती, पाऊल नीट पडतं का ते मोजत होती. वीस तारखेला तिनं पायाकडे बघितलंच नाही. तुझ्या तोंडाकडे बघत होती. तिसरी ओळ झाल्यावर तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि जोडगोळीनं दोन बाजूंनी तिला धरलं. त्या आठवड्यात त्यांचा अबोला होता, तोही तिथेच संपला. आजोबा स्वतःच्या पायावर टकटक करत होते, आणि बघता बघता पहिल्या रांगेतले सगळे पेशंट टकटक करायला लागले. टाळ्या कुणी वाजवल्याच नाहीत. वकील मला म्हणाला, "मॅडम, या ओळींना माझी हरकत नाही." तीन वर्षांत पहिल्यांदा.

आणि मामा, मीही रडले. नऊजण एकदम गेले, आता वर्कशॉप केवढं मोठं वाटतं. साच्यांच्या फळीवर तुझा पाय आहे, त्यावरची धूळ पुसते आणि कामाला लागते. परवा एक जुने पेशंट दारातून विचारत होते, "सर कुठे आहेत?" मी म्हटलं, "त्यांचा पाय झाला, घेऊन गेले." ते हसून आत आले आणि खुर्चीत बसले.

मुंगीनं चिठ्ठी दिली आहे, सोबत पाठवते. मी उघडलेली नाही. पत्र एकाला लिहिलेलं असतं.

तुझी भाची


२५ एप्रिल

सर,

मला पत्र लिहिता येत नाही. मॅडम म्हणाल्या, चारच ओळी लिही, सरांना तेवढ्या पुरतात.

वाटी सैल वाटली तर आणखी एक मोजा घालायचा, तसंच चालायचं नाही.

डाव्या पायाचा तळवा रोज सकाळी आरशात बघायचा, आणि काय दिसलं ते दर रविवारी मला लिहून कळवायचं.

काही नसलं तरी "काही नाही" असं लिहायचं.

एक जरी रविवार चुकला तर मी ताईंना सांगेन, मॅडमना सांगेन, प्राचार्यबाईंना सांगेन, आणि तुम्ही नको म्हणालात तरी सांगेन.

मुंगी